दुसऱ्या मीटरचे आकडे

(मासेरू शहराच्या कडेची वस्ती, जुलै महिना, म्हणजे इकडचा ऐन हिवाळा. दूरच्या डोंगरांवर बर्फ आहे. दुपार कलतेय. दोन खोल्यांच्या घराच्या दारात दोन बायका, एक आत, एक बाहेर.)

पुलाने : आधी मला तुमचा मीटर दाखवा. मी कोण ते मग सांगते.

मामोसा : मीटर दारामागेच आहे. पण आत येऊन दार लाव बाई. सकाळपासून धरून ठेवलेली ऊब चाललीय बाहेर.

पुलाने : वीज नाही ना तुमच्याकडे?

मामोसा : शुक्रवारपासून नाही.

पुलाने : माझ्याकडेही शुक्रवारपासूनच नाही. आज रविवार. आता मीटरचा नंबर वाचा. शेवटी सात, सात, शून्य, तीन आहे का?

मामोसा : तो न बघता सांगता येतो मला. आहे. बस त्या स्टुलावर. खुर्चीचा पाय मोडलाय.

पुलाने : मी बसायला आलेली नाही. माझा नवरा खाणीवर असतो, सीमेपलीकडे. दर शुक्रवारी तिकडून विजेचे पैसे भरतो आणि मला फोनवर वीस आकडे पाठवतो, ते मीटरमध्ये घातले की वीज येते. या शुक्रवारचे आकडे माझा मीटर घेईना. चारदा घातले, पोर कडेवर, मोबाईलचा उजेड दातांत धरून. काल दुकानात गेले, तर तिथली मुलगी म्हणाली, ताई, हे दुसऱ्या मीटरचे आहेत, तुमच्या मीटरला चालायचेच नाहीत. दुसऱ्या म्हणजे कुणाच्या, म्हटलं. तिनं मशीनचा पडदा माझ्याकडे फिरवला. मामोसा मोखेथी, खाली या घराचा पत्ता. आता मोखेथी हे माझ्या नवऱ्याचं आडनाव आहे.

मामोसा : माझ्याही नवऱ्याचं.

पुलाने : लेबोना मोखेथी.

मामोसा : तोच. उजव्या कानामागे जखमेचा व्रण आहे बघ. लहानपणी गाढवावरून पडला होता.

पुलाने : मला म्हणाला होता खाणीत लागलं.

मामोसा : गाढवावरून.

पुलाने : तो म्हणाला होता ते लग्न कधीच मोडलं. बायको माहेरी निघून गेली, म्हणाला.

मामोसा : माझं माहेर वर डोंगरात आहे. तिथे या दिवसांत घोडासुद्धा जात नाही. मी इथेच आहे, सतरा वर्षं. तुझ्या मीटरवर कुणाचं नाव आहे?

पुलाने : त्याच्याशी काय करायचंय तुम्हाला?

मामोसा : सहज विचारलं.

पुलाने : घरमालकाचं. भाड्याची खोली आहे.

मामोसा : हं.

पुलाने : हं काय? मी काही ठेवलेली बाई नाही. आम्ही कचेरीत सह्या केल्यात. ही अंगठी. कागद आहे घरी.

मामोसा : मेंढरू कापलं होतं तुझ्यासाठी? घरच्यांनी नाव ठेवलं?

पुलाने : नाही.

मामोसा : मला मामोसा, म्हणजे मोसाची आई, हे नाव याच घरात मिळालं. मेंढरू कापलं, अंगावर ब्लँकेट घातलं, सगळ्या बायकांसमोर नाव ठेवलं. मोसा नंतर तीन वर्षांनी झाली. पोरीच्या आधी तिच्या आईला नाव मिळालं होतं. तुला काय म्हणून हाक मारतात?

पुलाने : पुलाने. माझ्या बापानं ठेवलेलं. तेवढं पुरतं मला.

मामोसा : चांगलं आहे की.

पुलाने : किती गोड बोलता तुम्ही. मी रस्ताभर भांडण घोकत आले होते. वाटलं होतं तुम्ही ओठ रंगवलेल्या, नखं वाढवलेल्या असाल. घर धगधगत असेल हीटरनं.

मामोसा : मग बरं वाटलं का बघून?

पुलाने : नाही. उलट जास्त जळतंय. नखं वाढवलेली असती तर दोन शिव्या घालून परत गेले असते. बरं, मला सांगा, तुम्हाला दर आठवड्याला किती युनिट पाठवतो?

मामोसा : आलेत ना तुझ्या फोनवर? तूच सांग.

पुलाने : नव्वद. मला चाळीस. दर वेळी चाळीस. वर म्हणतो, पुलाने, वीज किती महागली बघ, जपून वापर. मी फ्रिज बंद ठेवलाय, दूध खिडकीच्या कट्ट्यावर असतं. एका किटलीत मी आणि पोर दोघी अंघोळ करतो. इस्त्री मे महिन्यापासून कपाटावर पडलीय, कारखान्यात तशीच चुरगळलेली जाते. दिवसभर जीन्स शिवते आणि घरी आल्यावर उजेड नको म्हणून सात वाजता अंथरुणात. मला वाटायचं आम्ही दोघं मिळून काटकसर करतोय. आणि इथे माझ्या काटकसरीवर तुमचा हीटर तापत होता.

मामोसा : माझा नाही.

पुलाने : मग कुणाचा?

सासू : (आतल्या खोलीतून) मामोसा, कुणाशी बोलतेस गं मघापासून? वीज आली का?

मामोसा : नाही आई. मीटरचं बघायला एक बाई आलीय.

सासू : मग बघ म्हणावं लवकर. माझे गुडघे गेले.

पुलाने : या कोण?

मामोसा : हळू बोल. कान फार तिखट आहेत, दिसत तेवढं नाही.

पुलाने : त्याची आई? आई तर धाकट्याकडे असते. वर, मेंढरांच्या गावात. तिथे वीज नाही, फोन लागत नाही, म्हणून आपण जात नाही, असं सांगितलंय मला. चार वर्षं मी त्या बाईंच्या पाया पडायला थांबलेय.

मामोसा : धाकटा दारूनं गेला, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून आई माझ्याकडे आहेत.

पुलाने : म्हणजे नव्वद युनिट आईंसाठी.

मामोसा : चुलीवर माझं भागतं. गोवऱ्या आहेत. शेंगदाणे, घेवडा सकाळी एक उकळी आणून जाड ब्लँकेटात गुंडाळून ठेवते, संध्याकाळपर्यंत आपोआप शिजतात. मला हीटर लागत नाही. पण गोवरीचा धूर झाला की आई खोकतात, आणि खोकला लागला की पहाटेपर्यंत थांबत नाही. म्हणून त्यांच्या खोलीत हीटर. तेवढाच. दिव्याला सुद्धा मी हात लावत नाही.

पुलाने : मग मला हे सरळ सांगता येत नव्हतं त्याला? आईसाठी पाठवतो म्हणून? मी काय नको म्हटलं असतं?

मामोसा : ते त्याला विचार.

पुलाने : विचारणार नाही. फोन केला असता तर त्यानं अर्ध्या तासात गोष्ट रचली असती आणि मी ती ऐकून घेतली असती. मला माझी सवय माहीत आहे. म्हणून न विचारता आले.

मामोसा : शहाणी आहेस.

पुलाने : तुमची शाबासकी नको मला. आईंचा धूर, आईंचे गुडघे, सगळं ऐकलं. पण हे आकडे माझ्या खिशात आहेत आणि मी ते देणार नाही.

मामोसा : नको देऊस.

पुलाने : आत म्हातारं माणूस गारठलंय.

मामोसा : हो.

पुलाने : मग मागा की माझ्याकडे. एकदा म्हणा, पुलाने, दे.

मामोसा : नाही म्हणणार.

पुलाने : का?

मामोसा : तू एवढी चालत आलीस ती मी मागावं म्हणून. ते सुख मी तुला देणार नाही. नवरा दिला, तेवढं पुष्कळ झालं.

पुलाने : दिला? कुणी कुणाला दिला? तुम्हाला माहीत होतं मी आहे ते?

मामोसा : चार वर्षांपासून. खाणीवरची माणसं आणणाऱ्या टॅक्सीवाल्यानं सांगितलं होतं. जीन्सच्या कारखान्यातली आहे, हसरी आहे, म्हणाला. हसरी म्हटलं ते फार लागलं मला.

पुलाने : आणि तुम्ही गप्प बसलात.

मामोसा : गप्प बसले म्हणजे चांगली आहे असं समजू नकोस. तुझे आकडे माझ्याकडे आहेत.

पुलाने : काय?

मामोसा : त्यानं अदलाबदल केली. माझे तुला गेले, तुझे मला आले. दोन्ही एकदम पाठवतो वाटतं, खाली खाणीत उतरण्याआधी घाईत. शुक्रवारी अंधार पडता पडता आले. मीही मीटरमध्ये घातले, मीटर घेईना. मग आकड्यांच्या खाली बघितलं, आणि कळलं कुणाचे ते.

पुलाने : शुक्रवारीच कळलं? आणि परवापासून तुम्ही त्यावर बसून आहात?

मामोसा : हो.

पुलाने : त्याला कळवता आलं असतं. माझा नंबर मागता आला असता.

मामोसा : सगळं करता आलं असतं. ताट वाढलं, जेवले, आणि फोन उलटा करून ठेवला. मनात म्हटलं, बसू दे तिलाही अंधारात. रोज त्याच्याशी बोलते ना, त्या बोलण्यावर शेक म्हणावं.

पुलाने : माझी पोर दोन वर्षांची आहे. तिला आत्ता शेजारणीच्या स्टोव्हपाशी ठेवून आलेय. दोन दिवस नाक गळतंय तिचं.

मामोसा : पोर आहे हे मला टॅक्सीवाल्यानं नव्हतं सांगितलं.

पुलाने : सांगितलं असतं तर?

मामोसा : माहीत नाही. खोटं कशाला बोलू. दिले असते बहुतेक.

पुलाने : बहुतेक म्हणे. बरं, एक खरं सांगा. तो इथे येतो का? महिनाअखेरीला माझ्याकडे शनिवारी पोचतो, खाणीवरून शुक्रवारीच सुटतो. मधली रात्र कुठे असतो?

मामोसा : इथे नसतो.

पुलाने : शपथ घ्या.

मामोसा : शपथ घेऊन तू मानशील? नाही ना? मग तोंडाची वाफ कशाला दवडू.

सासू : मामोसा, त्या बाईला आत पाठव. मला सरकारशी बोलायचंय.

मामोसा : आई, ती सरकारची नाही.

सासू : मीटरवाली सरकारचीच असते. पाठव.

मामोसा : जा. पण तू कोण ते सांगू नकोस. त्यांची छाती नाजूक आहे.

पुलाने : मी तरी काय सांगणार. मला तर नावच नाही ना या घरात. (आतल्या खोलीत जाऊन) नमस्कार आई.

सासू : ये, इकडे ये. जवळ. आवाजावरून पोरसवदा दिसतेस. तुमच्या सरकारला सांग, हा मीटर फार खातो. मागच्या थंडीत जेवढ्यात आठवडा जायचा तेवढ्यात आता चार दिवस जातात. माणसं तेवढीच, हीटर तोच, मग खातंय कोण?

पुलाने : दर वाढलेत आई. सगळीकडेच वाढलेत.

सासू : वाढू देत. आणखी एक विचारते. तुमच्या त्या मीटरमधून उलटा निरोप जातो का? माझा मुलगा तिकडून आकडे पाठवतो, तसा इथून त्याला काही पाठवता येतं का?

पुलाने : काय पाठवायचंय?

सासू : की आकडे नकोत, तू ये. चार हिवाळे झाले, हा पाचवा. घराचा उंबरा चढला नाही. चूक माझीच आहे म्हणा. दुसरी केली असं कानावर आलं तेव्हा मी म्हटलं, या सुनेला सोडून येणार असशील तर तोंड दाखवू नकोस. रागात म्हटलं गं. जन्मभर माझं एक ऐकलं नाही, आणि नेमकं हेच ऐकून बसलाय गाढव.

पुलाने : एकदाही आला नाही?

सासू : एकदाही नाही. दोन वर्षांपूर्वी नाताळात टॅक्सीवाल्याबरोबर हे ब्लँकेट पाठवलं. हात लावून बघ, कसली लोकर आहे. निळं आहे म्हणतात. त्याला कधी वस्तू निवडायची अक्कल नव्हती, पण हे बरोबर निवडलं. याच्याशिवाय मला झोप येत नाही.

पुलाने : चांगलं आहे. ऊबदार आहे.

सासू : अगं, तुझे हात किती गार. घाल, घाल याच्यात. सरकार तुम्हाला हातमोजे देत नाही का?

पुलाने : नाही देत.

सासू : मामोसा, हिला चहा दे.

मामोसा : वीज नाही आई. चुलीवर टाकते.

पुलाने : नको, चहा नको. मी मीटर बघते. (बाहेरच्या खोलीत येऊन, हळू) ऐका, ते ब्लँकेट मी घेतलं होतं. तीन दुकानं फिरून. त्याला म्हटलं, आईंना वर डोंगरात पोचतं कर.

मामोसा : माहीत आहे.

पुलाने : कसं माहीत?

मामोसा : तो लाल आणतो. नेहमी लालच. निळं बघितलं आणि समजले, हे बाईमाणसानं निवडलंय. पांघरू नका म्हणावंसं वाटलं होतं आईंना. पण पहिल्याच रात्री त्या इतक्या शांत झोपल्या, की मग गिळून टाकलं.

पुलाने : तो खरंच येत नाही इथे.

मामोसा : मी सांगितलं तेव्हा पटलं नाही.

पुलाने : तुमचं कसं पटेल? तुमच्या जागी मी असते तर येतो म्हणाले असते. मुद्दाम.

मामोसा : आलं होतं माझ्या तोंडात. तुझं तोंड बघायचं होतं मला ते ऐकताना.

पुलाने : मग का नाही म्हणालात?

मामोसा : आई ऐकत होत्या.

पुलाने : चला. बोटं मीटरवर ठेवा. मी वाचते. दोन-दोन आकडे सांगते, घाई करू नका. एक्केचाळीस. शून्य आठ.

मामोसा : थांब. बोटं वळत नाहीत थंडीनं. हं. पुढे.

पुलाने : त्र्याण्णव. सोळा. पंचावन्न. तेवीस. शून्य दोन. अठ्ठ्याऐंशी.

मामोसा : सोळा झाले. अजून चार.

पुलाने : हो, चार राहिले.

मामोसा : वाच की.

पुलाने : आता तरी म्हणा एकदा. फक्त दे म्हणा.

मामोसा : बोटं मीटरवरच आहेत माझी.

पुलाने : एवढं अवघड आहे?

मामोसा : सतरा वर्षांत मी त्याच्याकडेसुद्धा काही मागितलं नाही. तुझ्याकडे कसं मागू, पुलाने?

पुलाने : नाव घेतलंत ना, पुरे. सदतीस. एकसष्ट.

मामोसा : घेतले. नव्वद दाखवतोय.

सासू : आला. हीटर आला गं मामोसा. लाल झाला. त्या बाईला सांग, देव तिचं भलं करो.

मामोसा : सांगते आई.

पुलाने : आता माझे द्या. मला उजेडात घरी पोचायचंय.

मामोसा : लिहून घे. कागद आहे? त्या कॅलेंडरचं मागचं पान फाड. एकोणीस. सत्तर. शून्य चार. बत्तीस. पासष्ट.

पुलाने : बत्तीस, पासष्ट. हं.

मामोसा : अकरा. एकोणनव्वद. शून्य सात. त्रेचाळीस. छप्पन्न. झाले वीस.

पुलाने : मला शुक्रवारी नुसते आकडे आले. दर वेळी तो खाली दोन ओळी लिहितो. या वेळी काहीच नाही, म्हणून मला वाटलं कशावरून तरी रुसलाय. मी रात्रभर आठवत बसले होते, माझं काय चुकलं.

मामोसा : मला दर वेळी नुसतेच येतात. सुरुवातीला मीही आठवत बसायची.

पुलाने : म्हणजे माझ्या त्या दोन ओळी तुमच्याकडे आहेत.

मामोसा : आहेत.

पुलाने : वाचा ना.

मामोसा : मी मोठ्यानं वाचणार नाही. हा घे फोन.

पुलाने : ‘या आठवड्यात चाळीसमध्येच भागव. पाय गार पडले तर माझा जुना कोट पायांवर घे. नीट घेतलास तर मी आहे असं वाटेल.’ ... हा असाच लिहितो. वीज कमी देतो आणि वर हे असलं लिहितो, म्हणजे मी भांडू नये.

मामोसा : तू भांडतेस?

पुलाने : नाही. कोट घेते पायांवर आणि झोपते. किती वेळा वाचलंत तुम्ही हे?

मामोसा : मोजलं नाही.

पुलाने : तुमच्याकडे नाही त्याचा कोट?

मामोसा : नाही. जाताना सगळं घेऊन गेला. माझे पाय गार पडत नाहीत, म्हणून त्याला कधी लिहावंसं वाटलं नसेल.

पुलाने : हा घ्या फोन. आता मी निघते. त्या दोन ओळी तेवढ्या पुसून टाका.

मामोसा : आकडे सगळे उतरवून घेतलेस ना?

पुलाने : घेतले. वीसच्या वीस.

मामोसा : मग बाकीचं राहू दे माझ्याकडे.